राखीव प्रोफेसरपदं रिकामी का राहतात? बिंदुनामावली ते निवड समिती, नेमकं कुठे अडतं

कासारडोह

विद्यापीठातल्या भरतीचा विषय निघाला की चर्चा सहायक प्राध्यापकांच्या जागांभोवती फिरते. हा धागा त्यावरच्या दोन पदांसाठी आहे: सहयोगी प्राध्यापक आणि प्रोफेसर. संशोधनात कोणाला जागा मिळते हे मुख्यतः तिथे ठरतं. यूजीसीच्या 2022 च्या पीएचडी विनियमांप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी 8 संशोधक विद्यार्थी राहू शकतात, सहयोगीकडे 6 आणि सहायककडे 4. म्हणजे एक प्रोफेसरपद रिकामं राहिलं की त्या विभागातल्या मार्गदर्शनाच्या 8 जागा जातात. शिवाय संशोधन व मान्यता समितीत, अभ्यास मंडळात, पुढच्या निवड समित्यांच्या तज्ज्ञ यादीत जे नाव यायला हवं होतं तेही येत नाही. भटक्या जमातींच्या मौखिक परंपरेवर किंवा सफाई कामगारांच्या आरोग्यावर विषय घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला "याला मार्गदर्शक नाही" असं सांगितलं जातं, त्याचं मूळ बऱ्याचदा या रिकाम्या पदात असतं.

राखीव पद कागदावर असतं, जाहिरातही निघते आणि शेवटी शेरा येतो: योग्य उमेदवार आढळला नाही. बिंदू (कितवं पद कोणत्या प्रवर्गाला हे ठरवणारा क्रमांक; या क्रमांकांची नोंदवही म्हणजे बिंदुनामावली किंवा रोस्टर) पडण्यापासून रुजू होण्यापर्यंत कुठे गळती होते आणि ती कशी थांबवायची यावर जाणकारांनी लिहावं. आरक्षण असावं की नसावं यासाठी दुसरे धागे आहेत.

बिंदू_तपासनीस

सुरुवात बिंदुनामावलीपासून करायला हवी, कारण अर्धी गडबड तिथेच होते.

केंद्रीय विद्यापीठांचं आधी. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर यूजीसीने मार्च 2018 मध्ये विभाग हे एकक धरायचं पत्रक काढलं. विभागाला एकक धरलं की 13 पदांपर्यंतच्या लहान संवर्गाचा, '13 बिंदूंचा' म्हणून ओळखला जाणारा तक्ता लागू होतो. त्यात चौथा, आठवा, बारावा बिंदू ओबीसी, सातवा अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीचा बिंदू थेट चौदावा. आता बघा, एका विभागात प्रोफेसरची मंजूर पदं असतात एक किंवा दोन. सातव्या बिंदूपर्यंत पोचायला कित्येक दशकं जातील, चौदाव्याचं तर नावच नको. यावर देशभर आंदोलनं झाली, मार्च 2019 मध्ये वटहुकूम आला आणि त्याच वर्षी केंद्रीय शैक्षणिक संस्था (शिक्षक संवर्गातील आरक्षण) कायदा झाला. आता संपूर्ण संस्था एक एकक आहे. या कायद्याने आणखी एक गोष्ट झाली, जिची चर्चा कमी होते: ओबीसी आरक्षण आधी सहायक प्राध्यापकापुरतं होतं, ते सरळसेवेच्या, म्हणजे थेट भरतीच्या, वरच्या दोन्ही पदांनाही लागू झालं.

या कायद्याच्या परिशिष्टात वगळलेल्या संस्था आहेत. त्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहेत. आयआयटी त्या यादीत नाहीत, हे लक्षात ठेवा.

महाराष्ट्राने 2021 मध्ये याच धर्तीवर कायदा केला आणि आरक्षण विषयनिहायऐवजी संवर्गनिहाय झालं, म्हणजे एका पातळीची सगळ्या विषयांची पदं एकत्र धरून. राज्याचे आकडे: अनुसूचित जाती (अजा) 13, अनुसूचित जमाती (अज) 7, विमुक्त जाती (विजा-अ) 3, भटक्या जमाती (भज-ब) 2.5, भज-क 3.5, भज-ड 2, विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र) 2, इतर मागास वर्ग (इमाव, म्हणजे ओबीसी) 19, म्हणजे 52 टक्के. त्यावर 2024 च्या कायद्याने एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) 10, आणि आधीपासूनचं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) 10.

संवर्गनिहाय पद्धतीत एक गोष्ट सांभाळायला लागते. राखीव बिंदू कोणत्या विषयाच्या पदावर पडणार? पदं रिक्त झाल्याच्या तारखेने ओळीत लावली तर वाद होत नाही. पण दोन पदं एकाच दिवशी रिक्त झाली, किंवा जुन्या तारखाच नोंदवहीत नाहीत, की मग वजनदार विभाग आपली पदं खुल्यात ठेवून घेतात आणि राखीव बिंदू अशा विषयावर जातो जिथे उमेदवारच मोजके. म्हणून तारखा सारख्या आल्या तर क्रम कसा लावायचा हे व्यवस्थापन परिषदेने आधी लेखी ठरवावं, मगच नोंदवही विभागीय आयुक्तांकडच्या मागासवर्ग कक्षात तपासणीला पाठवावी.

सुषमा_नांदेड

आमच्याकडे लोक म्हणतात, विभागात चार प्रोफेसर आहेत, मग रोस्टरवर एकच पद कसं? याचं उत्तर कोणी देईल का?

बिंदू_तपासनीस

सुषमाताई, ते कॅसमुळे. करिअर अॅडव्हान्समेंटमध्ये मिळालेली बढती व्यक्तीला असते, पदाला नाही. ती व्यक्ती निवृत्त झाली की पद मूळ संवर्गात, म्हणजे बहुधा सहायक प्राध्यापकात परत जातं. कॅसला आरक्षण लागू नाही. म्हणून पाटीवर चार प्रोफेसर असले तरी सरळसेवेचं मंजूर पद एकच असू शकतं. नोंदवही तपासताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे नाव सरळसेवेचं की कॅसचं? कॅसची नावं सरळसेवेच्या बिंदूंवर चढवलेली असतील तर अनुशेष (न भरलेली राखीव पदं) कमी दिसतो आणि जाहिरातीत राखीव पदंच निघत नाहीत.

गुणांक_मोजणी

आता पात्रता. 2018 च्या विनियमांप्रमाणे सरळसेवेच्या प्रोफेसरला पीएचडी, किमान 10 वर्षांचा अनुभव, समकक्ष-परीक्षित किंवा यूजीसी यादीतल्या नियतकालिकांत 10 लेख, पीएचडी विद्यार्थ्याला यशस्वी मार्गदर्शन केल्याचा पुरावा आणि संशोधन गुणांक 120. सहयोगीला 8 वर्षं, 7 लेख, गुणांक 75. पदवी आणि पदव्युत्तर पातळीवर राखीव प्रवर्गांना गुणांत 5 टक्के सूट आहे, पण गुणांकात आणि लेखांच्या संख्येत सूट नाही.

मराठी किंवा इतिहासाच्या उमेदवाराचं एक गणित मांडतो. भाषा आणि सामाजिक शास्त्रांत एका लेखाला 10 गुण, विज्ञानात 8. दोन लेखक असतील तर प्रत्येकी 70 टक्के.

एकट्याचे 7 लेख: 70
दोघांचे 3 लेख, प्रत्येकी 7: 21
राष्ट्रीय प्रकाशकाचं 1 पुस्तक: 10
संपादित ग्रंथांत 2 प्रकरणं, प्रत्येकी 5: 10
1 पीएचडी प्रदान: 10
एकूण 121

काठावर का होईना, पास. आता हीच व्यक्ती त्या पीएचडीची सहमार्गदर्शक होती असं धरा. संयुक्त मार्गदर्शनात दोघांना प्रत्येकी 7 मिळतात. एकूण 118, अपात्र. बाकी सगळं तेच.

ग्रामीण भागातल्या शिक्षकाचं घोडं इथे अडतं. लेख लिहिता येतात, पुस्तक काढता येतं, पण महाविद्यालयाला संशोधन केंद्राची मान्यता नसेल तर विद्यार्थी मिळणार कुठून? 2022 च्या विनियमांत महाविद्यालयाला केंद्र होण्यासाठी पीएचडीधारक किमान दोन शिक्षक लागतात. मार्गदर्शक मान्यतेसाठी सहायक प्राध्यापकाला 5 वर्षांचा अनुभव आणि 3 लेख. म्हणजे वाट मोकळी आहे, पण प्रस्ताव कोणीतरी टाकायला हवा आणि विद्यापीठाने तो वेळेत तपासायला हवा. पाच-सहा वर्षांनी वरच्या पदासाठी उमेदवार हवे असतील तर आज संशोधन केंद्रांचे प्रलंबित अर्ज निकाली काढा.

छाननीत हमखास बाद होणाऱ्या गोष्टी: गुणांक सहापैकी किमान तीन गटांतून आलेला नसणं. निमंत्रित व्याख्यानं आणि धोरण-दस्तऐवजांचे गुण मिळून एकूण गुणांकाच्या 30 टक्क्यांवर धरले जात नाहीत, तरी तेवढ्यावर भिस्त ठेवणं. आणि लेख छापला गेला त्या तारखेला नियतकालिक यादीत होतं याचा छापील पुरावा न जोडणं.

तासिका_संघर्ष

अनुभवाच्या कलमाबद्दल लिहायलाच हवं. कंत्राटी किंवा तात्पुरती सेवा सरळसेवेसाठी धरता येते, पण अटी आहेत: नेमणुकीवेळी पात्रता पूर्ण हवी, निवड रीतसर समितीने केलेली हवी आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक ढोबळ वेतनापेक्षा कमी नको. ही तिसरी अट तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला दारातच अडवते. दहा-दहा वर्षं शिकवूनही अनुभव शून्य. वर्षानुवर्षं भरती न झाल्याने तासिकेवर अडकलेल्यांत पहिल्या पिढीतले पीएचडीधारक मोठ्या संख्येने आहेत. वरच्या पदांसाठी उमेदवार का मिळत नाहीत याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि ते उमेदवारांच्या गुणवत्तेत नाही, नेमणुकीच्या पद्धतीत आहे.

एक उपाय विद्यापीठाच्या हातात आहे. नियमात संशोधन अनुभवही धरला जातो, फक्त तो समकक्ष पातळीचा हवा. विद्यापीठाने प्रकल्पांवर घेतलेल्या पीएचडीधारकांची निवड रीतसर जाहिरात आणि समितीने करावी, वेतन त्या पातळीचं द्यावं आणि आदेशात पदाची पातळी स्पष्ट लिहावी. पुढे छाननीत तो कागद कामी येतो.

आणि एक गैरसमज: पीएचडी करताना घालवलेला सगळा काळ अनुभवातून वजा होतो असं काही छाननी समित्या धरतात. रजा न घेता, नोकरी करत पीएचडी केली असेल तर तो काळ अनुभवात धरायचा असतो. अर्जासोबत रजा न घेतल्याचा प्राचार्यांचा दाखला जोडा.

कुळकायदा

दाखल्यांबद्दल थोडं, कारण वरच्या पदांना इथे वेगळेच घोटाळे होतात.

नॉन-क्रिमीलेअर आई-वडिलांच्या दर्जावर आणि उत्पन्नावर ठरतं. उमेदवाराचा स्वतःचा पगार धरायचा नाही, नवऱ्याचाही नाही. "मी सहयोगी आहे, माझा पगार लाखाच्या वर, मला कुठलं नॉन-क्रिमीलेअर" असं समजून अनेक पात्र लोक खुल्यातून अर्ज करतात किंवा करतच नाहीत.

ईडब्ल्यूएसचं उलट. तिथे स्वतःचं, जोडीदाराचं, आई-वडिलांचं सगळ्या मार्गांचं उत्पन्न एकत्र 8 लाखांच्या आत हवं. सातव्या वेतन आयोगात सहयोगीचं सुरुवातीचं मूळ वेतन 1,31,400, वर्षाला 15 लाखांवर. सहायकचं 57,700, तेही महागाई भत्ता धरला की 8 लाखांच्या पलीकडे. मग 10 वर्षांचा नियमित अनुभव असलेला आणि ईडब्ल्यूएसमध्ये बसणारा प्रोफेसर आणायचा कुठून? हे पद बिंदूवर दिसत राहतं आणि रिकामं राहतं. निकषच असे एकमेकांना छेद देतात की जाहिरात कितीही चांगली लिहिली तरी फरक पडणार नाही. शासनाकडे हा मुद्दा स्वतंत्रपणे न्यायला हवा.

तिसरं, राज्य विद्यापीठात आरक्षणाचा लाभ महाराष्ट्रातल्या प्रवर्गालाच मिळतो. दुसऱ्या राज्यातला अजा उमेदवार इथे खुला धरला जातो. केंद्रीय विद्यापीठात तसं नाही. उलट आपल्या विजा-भजचा वेगळा प्रवर्ग केंद्रात नाही, बहुतेक जमाती तिथे ओबीसी यादीत आहेत. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्याने दोन वेगळ्या नमुन्यांतले दाखले काढून ठेवावेत. राज्यात जात वैधता प्रमाणपत्र लागतंच.

जाहिरात_मसुदा

जाहिरातीकडे या. मंजूर पद "इतिहास, प्रोफेसर" असतं. जाहिरातीत त्यापुढे विशेषीकरण येतं. राखीव पद एकच आणि त्यापुढे "मध्ययुगीन दख्खनची प्रशासनव्यवस्था, फार्सी साधनांचं ज्ञान आवश्यक" असं लिहिलं तर राज्यात त्या प्रवर्गातले पात्र उमेदवार मोजायला एका हाताची बोटं पुरतील. खरी गरज असेल तर जरूर लिहा, पण गरज अध्यापनाच्या वेळापत्रकातून दाखवता यायला हवी. नाहीतर "आधुनिक भारत, सामाजिक इतिहास, प्रादेशिक इतिहास किंवा संलग्न क्षेत्र" असं रुंद ठेवा आणि "आवश्यक" ऐवजी "प्राधान्य" लिहा. पुनर्जाहिरातीत विशेषीकरण अधिक रुंद करायचं, हा ठराव आधीच करून ठेवावा.

अर्जाची मुदत कमी ठेवू नका. नोकरीतल्या उमेदवाराला ना-हरकत मिळवायला संस्थाचालकांच्या मागे फिरावं लागतं. "आगाऊ प्रत स्वीकारली जाईल, ना-हरकत मुलाखतीच्या दिवशी चालेल" ही एक ओळ जाहिरातीत टाकली तर कितीतरी अर्ज वाचतात. धारणाधिकार (जुन्या पदावर परतण्याचा हक्क), वेतन संरक्षण, निवास यांची माहितीही तिथेच द्या. पन्नाशीतला माणूस कायम नोकरी सोडून परजिल्ह्यात येणार असेल तर त्याला हे आधी कळायला हवं.

विवेक_प

इथे राग येईल, पण विचारतो. उमेदवार खरंच त्या तोडीचा नसेल तर? प्रोफेसरपदावर चुकीचा माणूस 15 वर्षं बसला तर संशोधनाचं नुकसान होतंच ना?

निवड_समिती_सदस्य

विवेकजी, राग येण्यासारखं यात काही नाही. तोड ठरवली कशी, एवढं तपासायचं. छाननीत 120 गुणांक, 10 लेख आणि मार्गदर्शन सिद्ध झालेले चार उमेदवार मुलाखतीला आले आणि चौघेही "अयोग्य", तर कारण कागदावर दिसायला हवं. इतिवृत्तात एकच ओळ असते: "समितीस योग्य उमेदवार आढळला नाही." कोणाला कशात किती गुण, काहीच नाही. या ओळीने पद पुढच्या जाहिरातीपर्यंत जातं, आणि पुढची जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो.

करायचं असं. मुलाखतीआधी समितीने गुणपत्रक ठरवायचं: विषयाचं ज्ञान, संशोधनाची दिशा, मार्गदर्शनाची क्षमता, अध्यापन. प्रत्येकाचे गुण आणि किमान पातळी आधी लिहायची. मुलाखतीचं माध्यम उमेदवाराला निवडू द्यायचं. समाजशास्त्राची मुलाखत इंग्रजी उच्चारांवर घसरते हे सगळ्यांना माहीत आहे. सर्वांना समान मूळ प्रश्न आणि प्रत्येकाला सारखा वेळ. सदस्याने आपापलं पत्रक चर्चेआधी भरून सही करायची, कारण अध्यक्षांनी आधी मत दिलं की बाकीचे आकडे त्याच दिशेने सरकतात. आणि अयोग्य ठरवायचं तर उमेदवारनिहाय कारण लिहायचं.

समितीची रचनाही बघा. 2018 च्या विनियमांत कुलगुरू अध्यक्ष, कुलपतींचे प्रतिनिधी, तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख. अर्जदारांत अजा, अज, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग असेल आणि त्या प्रवर्गाचा कोणी सदस्य नसेल तर तसा एक शिक्षणतज्ज्ञ घ्यावा लागतो. गणपूर्तीला किमान चार, त्यात दोन बाहेरचे विषयतज्ज्ञ. अडचण अशी की प्रवर्गाचा प्रतिनिधी दुसऱ्याच विषयाचा असतो आणि विषयतज्ज्ञ बोलायला लागले की तो गप्प बसतो. म्हणून तज्ज्ञांची यादी मंजूर होतानाच त्यात राखीव प्रवर्गातले आणि महिला विषयतज्ज्ञ पुरेसे आहेत का ते बघा. ही यादी जाहिरातीनंतर घाईत करू नये.

अनुराधा_क

महिला आणि दिव्यांग यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

राज्यात महिलांना 30 टक्के समांतर आरक्षण आहे, पण ते प्रत्येक प्रवर्गाच्या आत मोजलं जातं. प्रवर्गात प्रोफेसरचं एकच पद असेल तर 0.3 म्हणजे काहीच नाही. वरच्या पदांना हे आरक्षण जवळपास निरुपयोगी ठरतं. केंद्रीय विद्यापीठांत तर तेही नाही. त्यामुळे स्त्रियांसाठी खरा फरक छाननीत पडतो. बाळंतपण आणि बालसंगोपनाच्या रजेमुळे लेखांत पडलेला खंड अर्जात नोंदवायला रकाना ठेवा, आणि समितीला सांगा की सलगतेचे वेगळे गुण द्यायचे नाहीत.

दिव्यांगांचं 2016 च्या कायद्याने 4 टक्के. केंद्राच्या पद्धतीत 100 बिंदूंची वेगळी नोंदवही असते आणि 1, 26, 51, 76 पासून सुरू होणाऱ्या गटांत पद द्यायचं असतं. पहिला बिंदूच दिव्यांगांचा आहे, तरी अनेक ठिकाणी ही नोंदवही प्रोफेसर संवर्गासाठी उघडलेलीच नसते. योग्य व्यक्ती न मिळाल्यास पद पुढच्या भरती वर्षात ओढायचं, तेव्हाही न मिळाल्यास दिव्यांगत्वाच्या दुसऱ्या गटाला द्यायचं. थेट सर्वसाधारण उमेदवाराला देता येत नाही.

टोरांटो_मराठी

तुलनेसाठी कॅनडातली एक योजना सांगते. कॅनडा रिसर्च चेअर्स 2000 साली सुरू झाली. पहिल्या श्रेणीची अध्यासनं ज्येष्ठ संशोधकांना, 7 वर्षांसाठी, वर्षाला 2 लाख डॉलर. 2003 मध्ये आठ प्राध्यापिकांनी मानवाधिकार आयोगाकडे तक्रार केली की निवडीत भेदभाव होतो. 2006 मध्ये तडजोड झाली, पण उद्दिष्टं कागदावरच राहिली. 2017 पासून विद्यापीठांना समतेचा कृती आराखडा सक्तीचा झाला आणि तो न पाळणाऱ्यांचे पैसे व नवी नामांकनं अडवायची तरतूद आली. 2019 च्या पुरवणी कराराने डिसेंबर 2029 पर्यंतची उद्दिष्टं ठरली: स्त्रिया व लिंगभाव अल्पसंख्य 50.9 टक्के, वर्णाधारित अल्पसंख्य 22, अपंग 7.5, मूलनिवासी 4.9.

आपल्या पद्धतीशी मोठा फरक असा की तिथे योजनेने ठरावीक अध्यासन राखीव ठरवून दिलेलं नसतं, उद्दिष्ट संस्थेच्या एकूण आकड्याला असतं. त्यामुळे एकच अरुंद पद रिकामं राहण्याची अडचण कमी येते. पण ओळख स्वेच्छेने नोंदवायची असल्याने पडताळणी सैल राहते. माझ्या मते आपला बिंदूच भक्कम आहे. तिथून घेण्यासारखी गोष्ट एकच: उद्दिष्ट चुकलं तर संस्थेचं आर्थिक नुकसान होतं. आपल्याकडे पद रिकामं ठेवणाऱ्याचं काहीच जात नाही, उलट वेतनाचा खर्च वाचतो.

कासारडोह

टोरांटोताई, शेवटच्या वाक्यावर सगळ्यांनी विचार करावा.

एक प्रश्न उरला. उमेदवार शोधायचे कसे? जाहिरात वर्तमानपत्रात देऊन वाट बघणं पुरेसं नाही असं सगळेच म्हणतात, पण नेमकं काय करायचं?

जाहिरात_मसुदा

शोधाचं काम जाहिरातीच्या सहा महिने आधी सुरू करा. शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) त्या विषयातले प्रबंध आणि मार्गदर्शकांची नावं सापडतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवरचे विद्यार्थी कोणाकडे काम करतात, तेही कळतं. सहयोगी पदावर 8-10 वर्षं झालेल्या लोकांची यादी करून जाहिरात निघाली की दुवा पाठवायचा. जात विचारायची नाही, अंदाजही बांधायचा नाही. सगळ्यांना पाठवा, राखीव पदाचा उल्लेख ठळक ठेवा. आणि पत्र विभागप्रमुखांच्या सहीने जाऊ द्या.

गुणांक_मोजणी

रुजू झाल्यावरचं पहिलं वर्षही यातच धरा. मार्गदर्शक मान्यता नव्या विद्यापीठात वर्ग करायचा अर्ज रुजू होण्याच्या दिवशीच घ्या, नाहीतर तो वर्षभर फिरत राहतो आणि 8 जागा मोकळ्याच. निवृत्तीला 3 वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, म्हणून भरती लांबवून निवृत्तीच्या जवळ आलेल्या उमेदवाराला नेमलं तर मार्गदर्शनाची थोडीच वर्षं हाती राहतात. विज्ञान शाखेत प्रयोगशाळेची खोली आणि प्रारंभिक निधी नेमणूक पत्रातच लिहून द्या.

बिंदू_तपासनीस

कोणाला आपल्या विद्यापीठाची स्थिती तपासायची असेल तर माहिती अधिकारात एवढी कागदपत्रं मागा: प्रोफेसर आणि सहयोगी संवर्गाच्या मागासवर्ग कक्षाने तपासलेल्या बिंदुनामावलीची प्रत, गेल्या 10 वर्षांतल्या प्रत्येक जाहिरातीतली राखीव पदं आणि ती भरली की नाही, पात्र ठरलेल्या उमेदवारांची प्रवर्गनिहाय संख्या, "योग्य उमेदवार आढळला नाही" असा शेरा असलेल्या बैठकांची इतिवृत्तं. नावं मागू नका, संख्या मागा, म्हणजे वैयक्तिक माहितीचं कारण देऊन अर्ज फेटाळणं अवघड जातं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील. नोंदवही हाती आली की आधी कॅसची नावं वेगळी काढा, मग निवृत्तीच्या तारखा बिंदूंसमोर लिहा. पुढच्या तीन वर्षांत कोणते राखीव बिंदू मोकळे होणार ते त्यातून दिसेल, आणि त्या विषयांची शोधयादी आत्तापासूनच करता येईल.